अधिकच्या आधीची तिरकी रेघ

छावणीतल्या नानासाहेबांच्या औषधाच्या दुकानात औषधं कमी विकली जात आणि फोन जास्त वाजत. शहरात कुठंही कुणाला रक्त लागलं की नातेवाईक नानासाहेबांना गाठत, आणि नानासाहेब गल्ल्यावर बसल्या बसल्या कुणाला तरी उठवून रक्तपेढीत पाठवत. दाते वाढत वाढत तीनशेच्या घरात गेले तेव्हा मात्र त्यांचं डोकं पुरेनासं झालं. एकदा तर त्यांनी पुण्याला राहायला गेलेल्या माणसाला फोन लावून ‘दहा मिनिटांत पोच’ असं दरडावलं होतं. मग दात्यांच्या गटातल्या लोकांनी गयासला गळ घातली.

गयास मागच्याच गल्लीतला. जालना रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. नव्या पोरांच्या मुलाखती घ्यायचा, आणि एखादं पोरगं अडखळलं की संध्याकाळी बायकोला, ताहेराला, चवीनं सांगायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्याला जे येतं ते फार छान येतं, हे त्याला गरजेपेक्षा जरा जास्त ठाऊक होतं. ‘दोन रविवारांत करून देतो’ म्हणाला, आणि करून दिलंही. फोनवर रक्तगट टाकायचा, हॉस्पिटल कुठलं ते टाकायचं, की जवळपासचे दाते समोर हजर. त्यात त्यानं आणखी एक शहाणपणा केला होता. ज्याला रक्त देऊन सगळ्यांत जास्त काळ लोटला असेल त्याचं नाव सगळ्यांत वर, म्हणजे एकाच भल्या माणसाला सारखा पिळायला नको. नानासाहेबांनी दुकानात पेढे वाटले, गयासच्या गळ्यात हार घातला, फोटो काढला. तो फोटो गयासनं फोनच्या स्टेटसवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी तो आपोआप गेला तेव्हा पुन्हा टाकला.

हार घालण्याच्या आदल्या दिवशी एक गोष्ट घडली होती. गयासनं शेवटची चाचणी म्हणून ए पॉझिटिव्ह शोधला, तर यादीत एबीवाली माणसंही येऊन बसली. त्यानं एबीवाल्यांना वेगळं काढून टाकलं. मग ओ पॉझिटिव्ह शोधला, तर ओ निगेटिव्हवालेही आले. हे त्यानं पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायची सोय त्याला पुढं राहिली नाही. पण तेव्हा त्याला वाटलं, निगेटिव्हचं रक्त पॉझिटिव्हला चालतंच की, मग बिघडलं कुठं? उद्या कार्यक्रम होता, ताहेरा जेवायला हाक मारत होती. त्यानं लॅपटॉप मिटला आणि जेवायला गेला.

या गटाचे दोन रिवाज होते आणि ते कुणी मोडत नसे. एक म्हणजे ज्याला फोन आला त्यानं कुणासाठी, कशासाठी, कुठल्या गल्लीतल्या माणसासाठी, असं काही विचारायचं नाही. उठायचं आणि जायचं. दुसरा रिवाज रमजानचा. रोजा धरलेल्याला दिवसा उजेडी फोन करायचा नाही. त्या महिन्यात दुपारची कामं हिंदू दाते उचलत, आणि श्रावणी सोमवार आले, नवरात्र आलं, की मुसलमान दाते त्याची फेड करत. या फेडाफेडीचा नानासाहेबांना फार अभिमान होता. 

त्या वर्षी रमजान परीक्षांच्या दिवसांत आला. कॉलेजातली शिबिरं बंद पडली आणि रक्तपेढ्यांतून खडखडाट झाला. पहिल्याच आठवड्यात अपघातातल्या एका मुलासाठी ओ पॉझिटिव्ह लागलं. गयास सुट्टी असल्यानं दुकानातच बसला होता. तो स्वतः ओ पॉझिटिव्ह. पण रोजा होता, म्हणून त्याचं नाव निघालं नाही. निघालं ते कडूबाचं.

कडूबा पडेगावला राहायचा आणि चितेगावच्या एका कारखान्यात कामाला होता. गावाकडं भावाबरोबर शेती, इकडं नोकरी, दोन्हीकडं थोडा थोडा. अंगानं काटक, बोलायला मोकळा. फोन ठेवून अर्ध्या तासात तो रक्तपेढीत आला आणि गयासही त्याच्यासोबत गेला, कारण आपलं हे फोनमधलं यंत्र कसं चालतं हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. टेबलावरच्या बाईंनी कडूबाचं कार्ड पाहिलं आणि मान वर करून विचारलं, की हे ओ निगेटिव्ह आहेत, पेशंट तर पॉझिटिव्ह आहे ना? गयासला लॅपटॉपवर पाहिलेली ती यादी आठवली. आत्ता ‘चूक झाली’ म्हटलं असतं तर कडूबाला परत पाठवून दुसऱ्याला बोलावता आलं असतं. पण बाजूला नानासाहेबांचे दोन मित्र उभे होते, ज्यांनी गेल्याच महिन्यात त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

“चालतं की,” तो म्हणाला. “निगेटिव्ह सगळ्यांना चालतं.”

बाई म्हणाल्या चालतं तर खरं, आणि त्यांनी पुढचा कागद ओढला. पेढीत दुसरी पिशवी नव्हतीच, त्यामुळं कडूबाचं रक्त तपासून थेट त्या मुलाला गेलं. बाहेर फळांचा रस पिताना कडूबा खुशीत होता. “गावाकडं माझं कुणी ऐकत नाय गयासभाई,” तो म्हणाला, “पर रक्ताला मागणी हाय.” त्या मुलाच्या आईनं त्याचे पाय धरले होते, ते त्यानं कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. गयास हसला होता. घरी जाऊन तेवढी दुरुस्ती करून टाकू, असंही मनात म्हणाला होता. मग इफ्तार झाला, तरावीहची रात्रीची नमाज झाली, आणि ती दुरुस्ती राहून गेली.

रमजानचे शेवटचे दिवस उरले असताना एका दुपारी नानासाहेबांचा फोन आला. खुलताबादची एक बाई, फहमिदा, स्टेशनकडच्या एका दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगी सुखरूप होती, पण बाईचं रक्त थांबत नव्हतं. तिचं ओ निगेटिव्ह. पहिलं मूल पोटातच गेलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या अंगानं पॉझिटिव्हच्या रक्ताशी वैर धरलं होतं, त्यामुळं वेळेला पॉझिटिव्ह देऊन भागवायची सोय नव्हती. नानासाहेब म्हणाले, “माझ्या फोनवर समदी नावं लाल दिसायलीत. तुझं मशीन बिघडलं का बघ जरा.”

लाल नाव म्हणजे ज्याला रक्त देऊन तीन महिने झालेले नाहीत असा माणूस. गयासनं ऑफिसातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पेढ्यांना लागलेली चणचण त्याला ठाऊक होती, पण ओ निगेटिव्हची सगळीच्या सगळी माणसं लाल कशी? त्यानं एकेका नावापुढची तारीख पाहिली. कडूबा याच महिन्यात. काकासाहेब गेल्या महिन्यात. सांडू त्याच्या आधी. एरवी या माणसांना वर्षाकाठी एखादवेळी फोन जायचा. मग त्यानं ते कुणाला दिलं ते पाहिलं. ओ पॉझिटिव्ह. पुन्हा ओ पॉझिटिव्ह. सगळीकडं तेच.

गयासला कळायला वेळ लागला नाही, आणि हीच त्याच्या लाजेची सगळ्यांत वाईट बाजू होती. मजकुरात एखादा तुकडा शोधायला यंत्राला सांगण्याची एक वेगळी भाषा असते. तीत काही चिन्हं साधी चिन्हं राहत नाहीत, हुकूम होऊन बसतात. अधिकचं चिन्ह, म्हणजे रक्तगटातल्या पॉझिटिव्हचं चिन्ह, त्यांतलंच. ओ लिहून पुढं अधिक लिहिलं की यंत्र त्याचा अर्थ घेतं, ‘ओ हे अक्षर, एकदा किंवा कितीही वेळा’. मग पुढं अधिक असो की उणे, ओ दिसला की त्याचं समाधान. हे अधिक म्हणजे खरंच अधिक, हे सांगायचं तर त्याच्या आधी एक तिरकी रेघ द्यावी लागते. गयास मुलाखतीत हाच प्रश्न विचारायचा. ज्याला आला नाही त्याला तो घरी पाठवायचा, आणि ताहेराला सांगून हसायचा.

बाकीचं त्याच्या शहाणपणानं पुरं केलं होतं. निगेटिव्हवाल्यांना क्वचितच फोन जायचा, म्हणून त्यांना रक्त देऊन सगळ्यांत जास्त काळ झालेला असायचा, म्हणून पॉझिटिव्ह शोधलं की तेच सगळ्यांत वर यायचे. नानासाहेबांचं डोकं कितीही विस्कटलेलं असलं तरी निगेटिव्हवाल्यांना ते राखून ठेवत. यंत्रानं त्यांना वेचून वेचून आधी संपवलं होतं. आणि पडद्यावर फक्त नाव आणि फोन दिसावा, गर्दी नको, हेही गयासनंच ठरवलं होतं, त्यामुळं फोन लावणाऱ्याला समोरच्याचा गट दिसतच नव्हता.

त्यानं ती रेघ दिली. एक कळ दाबण्याचं काम. मग तो खुर्चीत तसाच बसून राहिला. रोज्यानं कोरडी पडलेली जीभ टाळूला चिकटली होती, आणि आपल्या डोक्यावर कुणीतरी सगळ्या ऑफिसादेखत पाणी ओतलंय असं त्याला वाटत होतं, जरी आजूबाजूला कुणी मान वर करूनही बघत नव्हतं.

नानासाहेबांनी तोवर जालन्याला फोन लावला होता. तिथल्या एका पेढीत दोन पिशव्या होत्या. गयास म्हणाला मी आणतो. निघण्याआधी दवाखान्यातून चिठ्ठी घ्यायची होती, म्हणून तो आधी तिकडं गेला.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर फहमिदाचा नवरा हबीब बसला होता. खुलताबादला त्याचं फुलांचं आणि चादरींचं छोटं दुकान. त्याच्या शेजारी कारखान्याच्या कपड्यांतच कडूबा उभा होता. नानासाहेबांनी त्याला फोन केला नव्हता. फोनवरच्या दात्यांच्या गटात ओ निगेटिव्ह हवंय असं वाचून तो आपणहून पाळी सोडून आला होता, आणि रक्तपेढीच्या माणसानं त्याला तारीख पाहून परत पाठवलं होतं. गयास दिसताच तो त्याला जिन्याखाली घेऊन गेला.

“गयासभाई, तुमचंच मशीन हाय. माझी ती तारीख मिटवून टाका.”

गयासनं नकाराची मान हलवली.

“एका बाटलीनं मी मरत नाय. मी त्याला म्हनतो, नोंद चुकलीय. तुम्ही बी तेच म्हना. तुमचं ऐकतील ते.”

हेच तर अवघड होतं. सगळे त्याचंच ऐकत होते. गयास म्हणाला, तसं करता येत नाही, तुमच्या अंगात अजून पुरतं रक्त भरलेलं नाही, तुम्हीच कोसळाल. कडूबानं आवाज चढवला. बाई आत मरायली आन् तुम्ही तारखा बघायले, असं तो म्हणाला, आणि पुन्हा लगेच आवाज खाली आणून हात जोडायला लागला. त्याचे हात गयासनं धरले. ‘मी’ असा शब्द तोंडात आला, आणि तिथंच राहिला. तो चिठ्ठी घेऊन गाडीत बसला.

जालन्याच्या रस्त्यानं त्यानं किती वेळा हॉर्न वाजवला, किती लोकांच्या शिव्या खाल्ल्या, हे त्याला आठवत नाही. येताना शेजारच्या सीटवर बर्फाची पेटी होती आणि तिला त्यानं सीटचा पट्टा बांधला होता. सिडकोच्या चौकात इफ्तारच्या घाईची गर्दी होती. भज्यांचा वास येत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या वासाचा राग आला.

तो पोचला तेव्हा नुकतीच अजान सुरू झाली होती. पेटी आत गेली. थोड्या वेळानं डॉक्टरीण बाहेर आल्या आणि हबीबला म्हणाल्या, तुमची बायको वाचली. रक्त यायची वाट बघत बसलो असतो तर हाताला लागली नसती, म्हणून पिशवी काढून टाकावी लागली. हबीबला ते कळलं नाही. त्यानं विचारलं, कसली पिशवी? डॉक्टरीण त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याला हळू आवाजात समजावून सांगितलं, की यापुढं तिला मूल होणार नाही. हबीबनं सगळं ऐकून घेतलं. एक मुलगी तरी दिली अल्लानं, असं म्हणाला. मग त्याला एकदम आठवण झाल्यासारखं त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, तीतला एक खजूर गयासपुढं धरला.

“पहले तुम खोलो, भाई,” तो म्हणाला. “मेरे लिए रोजे में इतनी दूर दौड़े.”

गयासनं तो खजूर घेतला. खाल्ला. नाही म्हणायचं धैर्यही त्याला झालं नाही. समोर हबीब त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास धरून उभा होता. शरमेनं मेल्याहून मेलं होणं लोक सहज बोलून जातात. गयासला त्या ग्लासातलं पाणी पिताना ते कळलं.

कडूबा अजून गेला नव्हता. कोपऱ्यातल्या बाकावर गुडघ्यात मान घालून बसला होता. गयास शेजारी बसला तसा तो म्हणाला, की आपण असून नसल्यासारखे झालो, या बाईच्या वेळेलाच नेमके रिकामे. आपल्याला माफ करा म्हणावं त्या भाईला. तोच माफी मागत होता. तेवढं मात्र गयासला सोसलं नाही.

“कडूबाभाऊ, त्या दिवशी तुम्हाला बोलवायला नको होतं,” तो म्हणाला. “त्या पोराला कुणाचंही ओ पॉझिटिव्ह चाललं असतं. माझं चाललं असतं. माझ्या मशीनची चूक होती. मला ती दिसली होती, आणि मी दाबली.”

कडूबानं मान वर केली. पेढीतल्या त्या टेबलापाशी आपण उभे होतो, बाईंनी विचारलं होतं, हे त्याला आठवत असावं, कारण त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“म्हंजी तुम्हाला तवाच ठावं व्हतं?”

“हो.”

“त्याला सांगितलं का?” त्यानं हबीबकडं बोट दाखवलं.

“नाही.”

“मग मला सांगून काय उपेग?” कडूबा म्हणाला, आणि उठून जिना उतरून गेला. 

गयास हबीबकडं गेला. यंत्राचं, चिन्हाचं, रेघेचं काही बोलला नाही, कारण ते बोललं की चूक यंत्राची वाटायला लागते. याच शहरात एक माणूस होता ज्याचं रक्त तुझ्या बायकोला चाललं असतं, ते मी माझ्या चुकीनं आधीच दुसरीकडं खर्च करून टाकलं, आणि चूक कळूनही तोंड उघडलं नाही, एवढंच त्यानं सांगितलं. हबीबनं विचारलं,

“मतलब, खून था?”

“था.”

हबीबनं ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. खजुराची पुडी अजून त्याच्या हातात होती. तिचं तोंड त्यानं नीट मुडपलं, ती खिशात ठेवली, आणि जाऊन पलीकडच्या बाकावर बसला. शिवी दिली असती तर गयासला बरं वाटलं असतं.

नानासाहेबांनाही त्यानं सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की मीही डोकं बाजूला ठेवून तुझ्या फोनवर विसंबलो. हार घातलेला फोटो दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेला होता. तो काढा असं गयास दोनदा म्हणाला, पण नानासाहेबांना शिडी चढणं जमत नव्हतं, आणि गयासला स्वतः चढून स्वतःचा फोटो काढायचीही लाज वाटली. तो अजून तिथंच आहे. मुलाखतीत तो प्रश्न विचारणं मात्र त्यानं बंद केलं.

पावसाळा लागला. कडूबाचं नाव यादीत लालचं पुन्हा काळं झालं. एका सकाळी घाटाखालच्या एका गावातून मुलगी आणली होती, ओ निगेटिव्ह, तातडीचं. नानासाहेब फोन लावायला लागले, तर गयासनं तो त्यांच्या हातातून घेतला. हा फोन आपणच करायला हवा असं त्याला वाटलं. पडद्यावर आता नावापुढं मोठ्या अक्षरांत गट दिसत होता. त्यानं तो वाचला, पेशंटची चिठ्ठी वाचली, आणि नंबर लावला.

कडूबानं फोन उचलला. मागं कारखान्याचा आवाज येत होता. गयासनं नाव सांगितलं, ओ निगेटिव्ह लागतंय म्हणाला. ज्या माणसानं इतक्या वर्षांत कधी एक शब्द विचारला नव्हता, जो फोन ठेवण्याच्या आधी चप्पल शोधायला लागायचा, तो पलीकडं थांबला.

“माझंच लागतंय का?” त्यानं विचारलं.

“तुमचंच.”

“नीट बघितलं?”

“बघितलं, कडूबाभाऊ.”

“पुन्हा एकदा बघा,” कडूबा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “मी थांबतो.”

गयासनं चिठ्ठी पुन्हा उजेडाकडं धरली आणि त्यावरचं अक्षर आणि त्यापुढचं चिन्ह, दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवली.